अस्वल शिवायचंय? मग बसा मांडी घालून!

खेळण्यांच्या दुकानात काचेआड बसलेला टेडी बेअर तुम्ही पाहिला असेलच. सुटलेले पोट, गळ्यात लाल रिबन आणि त्या रिबनीला लटकवलेली किमतीची चिठ्ठी! मैत्रिणीचा वाढदिवस चार दिवसांवर आलेला असतो, खाऊच्या पैशांचा डबा निम्मासुद्धा भरलेला नसतो, आणि चिठ्ठीवरचा आकडा वाचून आई म्हणते, "आपण दुसरं काहीतरी बघू या." घरी परतताना मग हळूच एक विचार डोक्यात येतो : हा आपल्यालाच शिवता आला तर?

येतो, बरं का! सहावी-सातवीतल्या मुलालाही येतो. ('मुलालाही' हे मुद्दाम लिहिलंय. शिवणकाम म्हणजे मुलींचं काम, असं ज्याला वाटत असेल त्याने आपल्या गावातल्या शिंप्याच्या दुकानात एकदा डोकावून यावं.) आणि नीट शिवलेला टेडी विकताही येतो. पण सुईत दोरा ओवण्याआधी एका बाईंची ओळख करून घ्या. भेट म्हणून शिवलेली एक छोटीशी वस्तू पुढे कुठल्या कुठे जाते, हे त्यांच्या गोष्टीतून कळेल.

जर्मनीच्या दक्षिण भागात गिंगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेट श्टाइफ हिचा जन्म झाला. दीड वर्षाची असताना तिला ताप आला. तो पोलिओ होता. पायांतली शक्ती कायमची गेली आणि उजव्या हातातही बळ राहिले नाही. शाळेत जायचे तर तिला ढकलगाडीत बसवून न्यावे लागे. तरीही तिने शिवणशाळेत नाव घातले आणि मोठ्या जिद्दीने ती शिकली. पुढे घरात शिवणयंत्र आले. त्या काळच्या यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवावे लागे, आणि तिचा तोच हात तर दुखरा! मग तिने काय केले असेल? यंत्रच उलट्या बाजूने फिरवून घेतले आणि डाव्या हाताने चाक फिरवू लागली.

मार्गारेट फेल्टचे कपडे शिवून विकत असे. लोकर दाबून जे जाडसर कापड करतात ते फेल्ट. ते कापल्यावर कडेचे धागे निघत नाहीत. (हे लक्षात ठेवा, पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.) १८७९ च्या डिसेंबरात 'मोडनवेल्ट' नावाच्या नियतकालिकात तिला कापडी हत्तीचा एक नमुना सापडला. होय, तुमच्या हातात आहे तसल्याच एका अंकात! तिने त्यावरून फेल्टचे छोटे हत्ती शिवले. ते खेळणे नव्हते. टाचण्या टोचून ठेवायची ती उशी होती. नात्यातल्या, ओळखीतल्या बायकांना भेट द्यायला म्हणून तिने ते केले. पण झाले काय, की घरोघरच्या मुलांनी त्यातल्या टाचण्या काढून टाकल्या आणि हत्ती पळवला! मार्गारेटने हे पाहिले आणि मुलांसाठीच हत्ती शिवायला घेतले. १८८६ साली असे पाच हजारांहून जास्त हत्ती विकले गेले.

टेडी बेअर त्यानंतर आला. मार्गारेटचा पुतण्या रिचर्ड चित्रकला शिकत होता. श्टुटगार्टच्या प्राणिसंग्रहालयात बसून तो अस्वलांची चित्रे काढायचा. १९०२ साली त्याने लवदार कापडाचे एक अस्वल तयार केले. त्याचे हात, पाय, मान सगळे हलायचे. त्याचे नावही मजेदार होते, '५५ पीबी'. ५५ म्हणजे सेंटिमीटरमधली उंची. पी म्हणजे लवदार कापडाचे आणि बी म्हणजे हलणारे. १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत त्याला मांडले, तर कोणी विचारीना. शेवटी सामान आवरण्याच्या वेळी एका अमेरिकन व्यापाऱ्याने येऊन एकदम तीन हजार अस्वलांची मागणी नोंदवली, अशी हकिकत सांगतात. १९०७ या एका वर्षात त्या कारखान्यातून सुमारे पावणेदहा लाख अस्वले बाहेर पडली!

पण त्याला 'टेडी' कोण म्हणाले? त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल. त्याच १९०२ सालच्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. त्यांना लोक 'टेडी' म्हणत. त्यांना अस्वल मिळेना, म्हणून वाटाड्याने एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्ट यांनी नकार दिला. त्यावर क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये छापून आले आणि ते देशभर गाजले. (खरे सांगायचे तर अस्वल काही वाचले नाही. ते फार जखमी होते म्हणून त्याला यातनांतून सोडवायला रूझवेल्ट यांनीच इतरांना सांगितले. गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक जण गाळतात.) न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात मॉरिस मिक्टम यांचे गोळ्या-चॉकलेटांचे दुकान होते. त्यांच्या पत्नी रोझ यांनी घरी कापडाचे अस्वल शिवले आणि ते 'टेडीचे अस्वल' म्हणून दुकानाच्या काचेत ठेवले. गिऱ्हाइके गोळ्या राहू दे, आधी अस्वल द्या म्हणू लागली! मिक्टम यांच्या सुरुवातीच्या अस्वलांपैकी एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

गंमत पाहा. एक घर जर्मनीत, एक अमेरिकेत. एकाच वर्षी दोन्हीकडे अस्वल शिवले गेले, आणि दोन्ही ठिकाणी सुरुवात झाली ती घरातल्या सुईदोऱ्याने.

चला, आता आपली सुई काढा.

कापडापासून सुरुवात करू. फरचे कापड दुकानात मिळते, पण पहिल्या अस्वलासाठी ते आणू नका. घरात शोधा. आजोबांचा विटलेला स्वेटर, जुना टर्किश टॉवेल, ब्लँकेटचा तुकडा, आजीच्या लुगड्याच्या जुन्या गोधडीचा टोकाचा चांगला भाग. (आधी आजीला विचारा. न विचारता गोधडीला कात्री लावलीत, तर अस्वलाआधी तुमची चामडी लोळेल!) स्वेटर ताणला जातो, म्हणून त्याला आतून पातळ सुती कापडाचे अस्तर लावावे. पोटात भरायला नेहमीचा कापूस चालतो, पण धुतल्यावर त्याचे गोळे होतात. सावरीचा कापूस हलका आणि मऊ असतो. उशांसाठी कृत्रिम धाग्याचा जो पांढरा भराव मिळतो, तो सगळ्यांत सोयीचा, कारण तो धुऊन लवकर वाळतो.

आता आकार. वर्तमानपत्राचा कागद मधोमध दुमडा आणि घडीला लागून अर्धे अस्वल काढा. अर्धे डोके, एक हात, अर्धे पोट, एक पाय. घडी न मोडता कापा. उघडलेत की दोन्ही बाजू अगदी सारख्या! उंची दहा-अकरा इंच ठेवा. कागदावरचे अस्वल तुम्हाला बेढब आणि जाड दिसले पाहिजे. दिसायला छान सडपातळ काढलेत तर फसलात. पाव इंच शिवणीत जातो, आणि कापूस भरला की कापड फुगून रुंदी आणखी कमी होते. हात-पाय दोन इंचांपेक्षा बारीक नकोत. मान निदान अडीच-तीन इंच हवी, नाहीतर डोके मास्तरांनी ओरडल्यासारखे खाली पडते.

कापडाच्या उलट्या बाजूवर आकार ठेवून पेन्सिलीने काढा. असे दोन भाग बेता, एक पुढचा, एक मागचा. कापड लवदार असेल तर आधी त्यावरून हात फिरवा. मांजरीच्या पाठीवरून फिरवतो तसा. हात ज्या दिशेने गुळगुळीत सरकतो ती दिशा अस्वलाच्या पायांकडे आली पाहिजे. आणि फर कापताना कात्रीचे टोक फक्त कापडाच्या पाठीतून जाऊ द्या. लव कापू नका. ही छोटीशी गोष्ट आहे, पण घरी केलेला टेडी न्हाव्याकडून आल्यासारखा दिसतो तो हे न पाळल्यामुळे.

दोन्ही भाग सुलटे तोंड आत करून एकमेकांवर ठेवा. कान चार अर्धगोल तुकड्यांचे. दोन दोन तुकडे शिवून, उलटवून, ते डोक्याच्या शिवणीत आतल्या बाजूला तोंड करून अडकवा. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. दहा लावल्या तर दहाच परत डबीत गेल्या पाहिजेत. अस्वलाच्या पोटात राहिलेली अकरावी टाचणी उद्या एखाद्या बाळाच्या हातात जाईल. मग कडेपासून पाव इंच आत बारीक हातटीप घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला थोडे मागे येऊन पुढे जायचे. नुसता धावदोरा इथे चालत नाही. कापूस दाबून भरला की धावदोऱ्याचे टाके दात विचकतात. एका कुशीत अडीच इंच जागा शिवायची सोडा. मान, काख आणि दोन पायांच्या मध्ये, जिथे शिवण आत वळते तिथे, टिपेच्या अगदी जवळपर्यंत कात्रीने बारीक चिरे द्या. ते दिले नाहीत तर उलटवल्यावर तिथे चुण्या पडतात.

सोडलेल्या जागेतून अस्वल सुलटे करा. पेन्सिलीच्या बोथट बाजूने हात-पाय बाहेर ढकला. भराव भरताना घाई नको. बोराएवढे पुंजके घ्या आणि आधी डोके, मग मान, मग हात-पाय, शेवटी पोट. मोठमोठे बोळे कोंबलेत तर अस्वलाला गळवे आल्यासारखी दिसतात! मान गच्च भरा, पोट जरा सैल ठेवा, म्हणजे कुशीत घेतल्यावर ते दबते. मग उघडी बाजू बाहेरून बारीक टाक्यांनी बंद करा. शिवणीत लव अडकली असेल तर सुईच्या टोकाने अलगद ओढून काढा. शिवणच दिसेनाशी होईल.

तोंडाच्या पुढच्या फुगीर भागासाठी तीन इंचांचा एक गोल कापा, त्याच्या कडेने धावदोरा घाला आणि दोरा ओढा. वाटी होईल. त्यात कापूस भरून ती चेहऱ्यावर शिवा. नाक काळ्या लोकरीने भरून काढा. हातापायांचे तळवे फेल्टचे, कारण कड दुमडायची कटकट नाही. मार्गारेटबाईंचे कापड आलं की नाही उपयोगी?

डोळे मात्र सर्वांत शेवटी, आणि ते लावण्याआधी थांबा. दोन रंगीत डोक्याच्या टाचण्या टोचून पाहा. त्या वर लावल्यात तर अस्वल मोठ्या माणसासारखे गंभीर दिसेल. चेहऱ्याच्या मध्याच्या किंचित खाली आणि एकमेकांपासून दूर लावल्यात तर ते बाळ दिसू लागेल. हातभर लांब धरून बघा, घरातल्यांना दाखवा, दहा वेळा बदला. पसंत पडले की खूण करून टाचण्या काढून घ्या.

पूर्वीच्या टेडींना बुटांची काळी बटणे डोळे म्हणून लावत. तुम्ही मात्र अस्वल कोणाला देणार आहात ते आधी ठरवा. तीन वर्षांखालचे मूल असेल, तर बटण, मणी, घुंगरू काहीही नको. बाळ ते तोंडात घालते, ओढते, तोडते, आणि घशात अडकलेले बटण जीव घेऊ शकते. गळ्याभोवती लांब रिबनसुद्धा नको. डोळे काळ्या दोऱ्याने भरून काढा. ते दिसतातही गोड. या बाबतीत "एवढंसं बटण आहे, काय होतंय" म्हणणाऱ्या मोठ्यांचेही ऐकू नका.

आणखी एक सुचवू? सगळ्यांनी तपकिरी परदेशी अस्वलच का शिवावे? आपले अस्वल आहे ना! मेळघाटात, ताडोबाच्या जंगलात राहणारे, वाळव्या आणि मुंग्या खाणारे, मोहाच्या फुलांवर ताव मारणारे. काळी झिपरी लव, लांबट फिकट तोंड आणि छातीवर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा पांढुरका पट्टा. काळ्या स्वेटरवर पांढऱ्या फेल्टचा पट्टा शिवला की झाले! शिवाय आपल्याकडची अस्वलीण पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. मोठ्या अस्वलाच्या पाठीवर बोटभर पिल्लू शिवून बसवा. असे खेळणे कुठल्या दुकानात मिळते, सांगा बरं!

आता विक्रीकडे वळू. इथे आई-बाबांनीही कान द्यावा.

पहिले अस्वल विकू नका. ते घरात ठेवा आणि त्याची परीक्षा घ्या. कान धरून जोरात ओढा. बादलीत बुडवून धुवा, पिळा, वाळवा. धाकट्या भावंडाच्या हाती आठ दिवस द्या. कुठे उसवले ते बघा. दुसरे अस्वल तिथे मजबूत करा. तिसरे कोणाला तरी भेट द्या. विकायची गोष्ट त्यानंतर.

मग येतो किमतीचा प्रश्न. समजा, कापडाचे ६० रुपये, भरावाचे २५, दोरा-लोकर-रिबनीचे १५. झाले शंभर. शाळेच्या आनंदमेळ्यात तुम्ही ते १२० रुपयांना विकलेत आणि वीस रुपये नफा झाला म्हणून उड्या मारल्यात. थांबा. शिवायला किती वेळ लागला? पाच तास. म्हणजे तासाला चार रुपये! तुमच्या बोटांना सुया टोचल्या, रविवारचे क्रिकेट बुडाले, आणि मोबदला तासाला चार रुपये. ज्यांनी कधी काही हाताने केलेले नाही ते तरीही म्हणणार, "एवढे कशाचे? घरीच तर केलंय!" घरी केले म्हणून मेहनत फुकट होत नाही. घरी लोणची-पापड करून विकणाऱ्या काकूंना विचारा, त्या हेच ऐकत आल्या आहेत.

तेच अस्वल २५० ला विकले तर तासाला तीस रुपये पडतात. पण मग गिऱ्हाईक म्हणेल की एवढ्यात तर दुकानातला मोठा टेडी येतो. ते खरेही असेल. कारखान्यात यंत्रावर एका दमात शेकडो तुकडे कापले जातात. त्यांच्याशी स्वस्ताईत तुम्ही जिंकणार नाही, आणि जिंकायला जाऊही नका. त्यांना जे करता येत नाही ते करा. एखाद्या ताईला तिच्या आजोबांच्या स्वेटरचे अस्वल हवे असेल. एखाद्या घरी बाळाचे पहिले दुपटे जपून ठेवलेले असेल. कापड त्यांचे, शिवण तुमची. तुमचा कापडाचा खर्चही वाचला, आणि त्या घराला अशी वस्तू मिळाली की जिची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. मात्र दुसऱ्याच्या आठवणीच्या कापडाला कात्री लावताना हात पक्का बसलेला हवा. निदान चार-पाच अस्वले झाल्यावरच असे काम घ्या.

दोन नमुने करून दाखवा आणि मागणी येईल तसे शिवा. आधीच वीस करून ठेवलीत तर दिवाळीनंतर ती कपाटातून तुमच्याकडे बघत बसतील. एक वही घाला. डावीकडे खर्च, उजवीकडे आलेले पैसे, खाली लागलेले तास. आणि हो, सगळी अस्वले आत्या, मावशी, काकांनीच घेतली तर तिला विक्री म्हणू नका. त्यांनी तुम्हाला घेतलेय, अस्वलाला नाही! अनोळखी माणसाने थांबून, हातात घेऊन, उलटसुलट करून, पैसे मोजले की समजा, माल चांगला आहे.

पालकांसाठी एक माहिती. १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे मुलांचा हा छंद उद्योगाकडे वळू लागला, तर नियमांची चौकशी आधी करावी. तोवर टाचण्यांच्या उशीचे अस्वल हा उत्तम मार्ग. घरात शिवणयंत्र असलेल्या प्रत्येक काकूंना ते हवेच असते. फक्त ते बाळाच्या हाती लागणार नाही असे उंच ठेवायला सांगा. मार्गारेटच्या हत्तीचे काय झाले ते माहीत आहे ना!

एक काम राहिले. श्टाइफच्या खेळण्यांची नक्कल होऊ लागली, तेव्हा १९०४ मध्ये त्यांनी आपल्या प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचे बटण बसवायला सुरुवात केली. ती त्यांची खूण. तुम्हीही अस्वलाच्या डाव्या तळव्याखाली लाल दोऱ्याने आपल्या नावाचे पहिले अक्षर आणि अस्वलाचा क्रमांक भरा. 'स - १', 'स - २'. वहीत त्या क्रमांकापुढे लिहा, ते कोणत्या कापडाचे होते आणि कोणाच्या घरी गेले.